टकळी, ताणा आणि तालीम

बी.एड.ला असताना 'वर्धा शिक्षण योजना' हा प्रश्न हमखास येणार, असे आम्हाला सांगितले गेले होते. टीप लिहा, गुण पाच. मीही ती टीप पाठ केली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषा हे माध्यम, हस्तोद्योग हा शिक्षणाचा केंद्रबिंदू, स्वावलंबन. चार मुद्दे, चार उपमथळे, खाली एक रेघ. 'कृतीतून शिक्षण' हे तत्त्व मी एकही कृती न करता, घोकंपट्टी करून शिकले आणि त्यात मला चांगले गुण पडले. ही गोष्ट गमतीची आहे की दुःखाची, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

त्या टिपेत 'झाकीर हुसेन समिती' असे तीन शब्द होते. झाकीर हुसेन म्हणजे आपले राष्ट्रपती एवढेच मला माहीत होते. देशाच्या प्राथमिक शिक्षणाचा एवढा मोठा आराखडा ज्याने तयार केला तो माणूस उर्दूत विचार करणारा आणि उर्दूत शिकवणारा एक शिक्षक होता, हे मला कुणी सांगितले नाही. मी उर्दू माध्यमात शिकले, आज उर्दू माध्यमात शिकवते. ज्या वारशावर माझा पहिला हक्क होता, तो माझ्यापर्यंत पाच गुणांची टीप होऊन पोहोचला. हा लेख त्या टिपेची भरपाई म्हणून लिहिते आहे.

बर्लिनहून परतलेला उस्ताद

झाकीर हुसेन यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८९७ रोजी हैदराबादेत झाला. घराणे मूळचे उत्तर प्रदेशातल्या कायमगंजचे पठाण. अलीगढच्या कॉलेजात शिकत असतानाच असहकाराची हाक आली. सरकारी अनुदानावर चालणारे कॉलेज सोडून काही विद्यार्थी आणि शिक्षक बाहेर पडले आणि २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलीगढमध्येच जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना झाली. झाकीरसाहेब त्या बाहेर पडलेल्या तरुणांपैकी एक. पुढे ते जर्मनीला गेले आणि बर्लिन विद्यापीठातून अर्थशास्त्रात डॉक्टरेट घेऊन १९२६ मध्ये परतले.

बर्लिनमधल्या दिवसांची एक हकीकत त्यांच्या चरित्रात येते. तिथल्या कावियानी छापखान्यात त्यांनी गालिबचा दीवान छापून घेतला. त्या कामासाठी ते स्वतः टाईप जुळवायला शिकले. डॉक्टरेटचा विद्यार्थी छापखान्यात उभा राहून शिशाची अक्षरे एकेक करून बसवतो आहे, हे चित्र मला फार बोलके वाटते. गालिब त्यांना पाठ असणारच. पण एकेक अक्षर हाताने बसवताना नुक्त्याची चूक झाली तर ती छापून डोळ्यांसमोर येते. तिथे सबब चालत नाही.

जर्मनीत त्या काळी गेओर्ग केर्शेनस्टाइनर या शिक्षणतज्ज्ञाचा मोठा बोलबाला होता. म्युनिक शहराच्या शाळांची व्यवस्था अनेक वर्षे त्यांच्या हाती होती. त्यांनी शाळांत सुतारकामाच्या, धातुकामाच्या कार्यशाळा, स्वयंपाकघरे आणि बागा आणल्या. त्यांचे गाजलेले उदाहरण पक्ष्याच्या घरट्याचे आहे. मुलाने साळुंकीच्या जातीच्या एका पक्ष्यासाठी लाकडी घरटे करायचे. आधी मापे ठरवायची, लाकूड कमीत कमी वाया जाईल असा आराखडा करायचा, मग कापायचे, जोडायचे. शेवटी फळ्या नीट बसल्या की नाही हे मास्तरांना विचारावे लागत नाही. फट राहिली तर ती दिसतेच. मुलगा स्वतःच्या कामाचा स्वतः परीक्षक होतो. केर्शेनस्टाइनर यांच्या मते कामाचे शिक्षणमूल्य याच जागी आहे.

झाकीरसाहेबांनी ही गोष्ट मनावर घेतली. पुढे आयुष्यभर ते हेच सांगत राहिले की प्रत्येक काम म्हणजे शिक्षण नव्हे. आधी प्रश्न मनात स्पष्ट व्हावा, मग योजना व्हावी, मग काम आणि शेवटी आपल्याच कामाची निर्दय तपासणी. या चार पायऱ्या असतील तर काम शिकवते, नसतील तर हात नुसते राबतात.

जामियाची शाळा

परतले तेव्हा जामिया बंद पडण्याच्या बेतात होती. १९२५ मध्ये ती दिल्लीच्या करोलबागेत आली होती. पैसा नव्हता. १९२७ च्या अखेरीस हकीम अजमलखान गेले आणि मोठा आधार तुटला. तेव्हा जामियाच्या शिक्षकांनी एक अंजुमन केली आणि शपथ घेतली: वीस वर्षे इथेच काम करू आणि महिना दीडशे रुपयांपेक्षा जास्त पगार घेणार नाही. प्रत्यक्षात तेवढेही कधी हाती पडत नसत. झाकीरसाहेब, आबिद हुसेन, मोहम्मद मुजीब हे परदेशात शिकून आलेले विद्वान या तुटपुंज्या कमाईत राहिले.

पण मला जामियाच्या विद्यापीठापेक्षा तिची प्राथमिक शाळा जास्त मोलाची वाटते. त्या शाळेत अब्दुल गफ्फार मुधोली नावाचे शिक्षक होते. पंजाबात मोगा येथे अमेरिकन मिशनऱ्यांची अध्यापक शाळा होती. तिथे 'प्रकल्प पद्धती'चे प्रयोग चालत. मुधोली तिथे जाऊन ही पद्धत शिकून आले आणि जामियाच्या मुलांसाठी त्यांनी ती राबवली. मुलांनी चालवलेले दुकान, मुलांनी चालवलेली बँक, बाग. दुकानाचा हिशेब म्हणजे गणित, मालाची यादी आणि पत्रे म्हणजे भाषा, माल येतो कुठून हा शोध म्हणजे भूगोल. मुधोली यांनी पुढे 'जामिया की कहानी' हे उर्दू पुस्तक लिहिले. एक साधा प्राथमिक शिक्षक आपल्या संस्थेचा इतिहास लिहून ठेवतो, ही गोष्ट आपण शिक्षकांनी लक्षात घ्यावी अशी आहे.

याच शाळेत १९३३ च्या सुमारास गेर्डा फिलिप्सबोर्न ही जर्मन ज्यू बाई आली. बर्लिनमध्ये या तिघा मित्रांशी तिची ओळख झाली होती. लहान मुलांच्या वर्गात ती रमली. सगळे तिला आपाजान म्हणत. दुसऱ्या महायुद्धात ती जर्मन म्हणून इंग्रजांनी तिला स्थानबद्ध केले. १९४३ मध्ये तिचे निधन झाले आणि जामियाच्या कब्रस्तानातच तिला दफन करण्यात आले.

१ मार्च १९३५ रोजी ओखल्याला जामियाच्या नव्या इमारतीची पायाभरणी झाली. पायाचा दगड कुठल्या नवाबाने किंवा पुढाऱ्याने बसवला नाही. शाळेतल्या सर्वांत लहान विद्यार्थ्याच्या हातून तो बसवून घेतला. हाही एक धडाच होता.

वर्धा, ऑक्टोबर १९३७

१९३७ मध्ये प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली. आता शिक्षणाचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहिला. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला मारवाडी विद्यालयात, म्हणजे पुढच्या नवभारत विद्यालयात, शिक्षण परिषद भरली. अध्यक्षस्थानी गांधीजी होते. प्रांतांचे मंत्री आले होते. मुंबईचे बाळासाहेब खेर, मध्य प्रांताचे रविशंकर शुक्ल, बिहारचे डॉ. सय्यद महमूद. गांधीजींनी कल्पना मांडली की मुलाला आधी अक्षर देऊ नका, हाताला काम द्या, टकळी द्या. त्या कामातूनच सगळे शिक्षण होईल आणि त्याच कामाच्या उत्पन्नातून शाळेचा खर्चही निघेल.

यावर झाकीरसाहेब बोलायला उभे राहिले. परिषदेतले हे भाषण आपण वाचले पाहिजे, असे मला वाटते. त्यांनी अदब राखून सांगितले की हा विचार महात्माजींना नवा वाटत असला तरी शिक्षणात काम करणाऱ्यांना तो नवा नाही. अमेरिकेत त्याला प्रकल्प पद्धती म्हणतात, रशियातही त्याच धर्तीचे प्रयोग चालू आहेत. खरे ज्ञान कृतीतून येते हे त्यांना मान्य होते. मात्र स्वावलंबनाच्या मुद्द्यावर त्यांनी स्पष्ट इशारा दिला. उत्पन्नावर भर दिला तर शिक्षक मुकादम बनेल, गरीब मुलांच्या श्रमाचे शोषण करील आणि मग टकळी पुस्तकापेक्षाही वाईट ठरेल, असा त्या इशाऱ्याचा आशय होता.

गांधीजींच्या अध्यक्षतेखाली, गांधीजींच्या गावात, त्यांच्याच कल्पनेला दिलेला हा इशारा आहे. गांधीजींचा मोठेपणा असा की परिषदेने नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद याच माणसाकडे गेले. समितीत विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मशरूवाला, जे. सी. कुमारप्पा, श्रीकृष्णदास जाजू, के. टी. शाह, आशादेवी आणि आर्यनायकम होते. ख्वाजा गुलामुस्सैयदैन हे दुसरे मुस्लिम सदस्य. पानिपतचे, कवी हाली यांच्या घराण्यातले, अलीगढ आणि लीड्सला शिकलेले. स्वातंत्र्यानंतर काही काळ ते मुंबई सरकारचे शिक्षण सल्लागारही होते.

२ डिसेंबर १९३७ रोजी, म्हणजे सहा आठवड्यांच्या आत, समितीने अहवाल दिला. तो वाचताना जाणवते की हे पुढाऱ्यांचे नव्हे, शिक्षकांचे काम आहे. शाळेचा दिवस साडेपाच तासांचा. त्यात मूलोद्योगाला ३ तास २० मिनिटे. संगीत, चित्रकला आणि गणित मिळून ४० मिनिटे. मातृभाषा ४० मिनिटे. समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान ३० मिनिटे. शारीरिक शिक्षण १० मिनिटे आणि सुट्टी १० मिनिटे. पहिल्यांदा हे वेळापत्रक पाहिले तेव्हा मी दचकले. गणिताला संगीत-चित्रकलेबरोबर मिळून ४० मिनिटे? मग मुले शिकणार काय?

उत्तर समवायात आहे. हा शब्द बी.एड.च्या टिपेतही होता, पण त्याचा अर्थ मला तिथे कळला नव्हता. समवाय म्हणजे मूलोद्योग, भोवतालचा निसर्ग आणि भोवतालचा समाज या तीन केंद्रांना सगळे विषय बांधणे. सूतकताई घ्या. पेळूचे वजन, सुताची लांबी, आज किती कातले, काल किती, सरासरी काय, वाया किती गेले, हे गणित त्या ३ तास २० मिनिटांत आहेच. कापसाचे झाड, सरकी, काळी माती, पाऊस हे विज्ञान. कापूस कुठून कुठे गेला, ढाक्याची मलमल कुणी विणली, कंपनी सरकारच्या काळात विणकर का देशोधडीला लागला, हा इतिहास. उद्योग निवडतानाही समितीने अट घातली की ज्यात शिक्षणाच्या वाटा भरपूर आहेत आणि जो मुलाच्या जगण्याशी नैसर्गिकपणे जोडलेला आहे असाच उद्योग घ्यावा. सगळ्यांनी सूतच कातावे, असे अहवाल म्हणत नाही. शेती आहे, सुतारकाम आहे, फळबाग आहे.

दोन गोष्टी अहवालात ठळकपणे सांगितल्या आहेत. यांत्रिकपणे धंदा करणारे कारागीर तयार करणे हा हेतू नाही, कामात दडलेले शिक्षण बाहेर काढणे हा हेतू आहे. आणि दुसरी, योजना आर्थिकदृष्ट्या स्वावलंबी झाली नाही तरी शिक्षण म्हणून ती स्वीकारावी. म्हणजे परिषदेत दिलेला इशारा अध्यक्षांनी अहवालातही सोडला नाही.

आपण तिचे काय केले

फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसने योजना मान्य केली. हिंदुस्तानी तालीमी संघ निघाला, झाकीरसाहेब त्याचे अध्यक्ष झाले. 'नई तालीम' हे नावच आपल्या बोलीतले. जामियात त्याच वर्षी 'उस्तादों का मदरसा' म्हणजे अध्यापक शाळा सुरू झाली. बुनियादी शिक्षणाची पहिली परिषद ऑक्टोबर १९३९ मध्ये पुण्याला आणि दुसरी एप्रिल १९४१ मध्ये जामियानगरला झाली.

आणि याच काळात मुस्लिम समाजातून या योजनेला कडवा विरोध झाला. पीरपूर अहवाल १९३८ चा. मुस्लिम लीगने नेमलेल्या या समितीने काँग्रेस राज्यातल्या मुस्लिमांच्या तक्रारी मांडल्या, त्यात शिक्षणाचा विषय होता. पुढे लीगच्या व्यासपीठांवरून वर्धा योजनेचा निषेध होत राहिला. योजनेत धार्मिक शिक्षणाला जागा नाही, अहिंसेच्या नावाने गांधीवाद शिकवला जाईल, उर्दूचे काय होईल, असे आक्षेप होते. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात तर भलताच गुंता झाला. तिथल्या सरकारची स्वतःची 'विद्यामंदिर योजना' होती. तिची आणि वर्धा योजनेची सरमिसळ झाली आणि 'मंदिर' या शब्दावरून नागपूर-वऱ्हाडातला मुस्लिम समाज पेटून उठला.

हे सगळे आक्षेप खोटे होते, असे मी म्हणणार नाही. ज्या शाळेत सगळ्यांची मुले यायची तिला मंदिर म्हणण्याचा हट्ट कशासाठी होता? समोरच्याला काय ऐकू येते याचा विचार करणे हीसुद्धा शिक्षणातलीच गोष्ट आहे. धर्मशिक्षण वगळण्यामागे गांधीजींचा हेतू भांडण टाळण्याचा होता, पण ज्यांच्या घरात मुलाची तालीम 'बिस्मिल्ला'ने सुरू होते त्यांना ही जागा रिकामी दिसणारच. सत्ताधाऱ्यांनी या भीतीकडे समजुतीने पाहायला हवे होते.

पण आपल्या बाजूलाही काही विचारायला हवे. पीरपूरचे राजेसाहेब तालुकेदार होते. विरोध करणारे बहुतेक पुढारी जमीनदार, वकील, नोकरदार घराण्यांतले होते. त्यांच्या घरात मुलाच्या हाती टकळी देणे म्हणजे खानदानाची पायरी उतरणे. याच समाजात 'जुलाहा' हा शब्द शिवीसारखा वापरला जात होता. विणकर, रंगारी, पिंजारी, लोहार, बागवान, ज्यांच्या हातात हुनर होते त्या बिरादऱ्यांना कुणी विचारले का, की तुमच्या कामाला शाळेत इज्जत मिळणार असेल तर तुम्हाला चालेल का? मला वाटते, विचारले असते तर उत्तर वेगळे आले असते. कदाचित तेही म्हणाले असते, आम्हाला पिढ्यानपिढ्या याच कामाला जुंपलेत, आता शाळेतही तेच? हा सवाल दलित आणि बहुजन समाजालाही पडावा असाच आहे आणि तो खरा आहे. समितीचे म्हणणे होते की हातकाम सगळ्यांच्याच मुलांनी करावे, जमीनदाराच्या आणि वकिलाच्याही, म्हणजे हाताने काम करणारा आणि डोक्याने काम करणारा यांच्यातली भिंत पडेल. गरिबांच्या मुलांना टकळी आणि श्रीमंतांच्या मुलांना इंग्रजी शाळा असे झाले तर योजनेचा जीवच जातो.

झालेही तसेच. १९३९ च्या अखेरीस काँग्रेसची मंत्रिमंडळे गेली आणि बऱ्याच प्रांतांत प्रयोग मंदावले. बिहारमध्ये चंपारणच्या वृंदावन भागातल्या शाळा मात्र टिकून राहिल्या. स्वातंत्र्यानंतर सरकारने बुनियादी शिक्षण हे धोरण म्हणून स्वीकारले, पण शहरांतल्या इंग्रजी शाळांना हात लावला नाही. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळांवर अजूनही 'जीवन शिक्षण विद्यामंदिर' अशी पाटी दिसते. पाटी राहिली, मूलोद्योगाचा एक तास झाला. त्या तासाला टकळ्या वाटल्या जात, तास संपला की गोळा होत. गणिताचा त्यांच्याशी काही संबंध उरला नाही. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने 'कार्यानुभव' हा शब्द आणला, १९७७ च्या ईश्वरभाई पटेल समितीने 'समाजोपयोगी उत्पादक कार्य'. नावे बदलत गेली.

झाकीरसाहेब १९४८ मध्ये अलीगढचे कुलगुरू झाले, मग बिहारचे राज्यपाल, उपराष्ट्रपती आणि १९६७ मध्ये राष्ट्रपती. ३ मे १९६९ रोजी पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. त्यांची कबर राजधानीतल्या कुठल्या शाही घाटावर नाही, जामियाच्या आवारात आहे. शिक्षक आपल्या शाळेत परत गेला.

किनारीचा प्रश्न

आता माझ्या वर्गात येते. मी मालेगावात शिकवते. १८५७ नंतरच्या काळात उत्तर हिंदुस्थानातून उखडलेली मोमीन विणकरांची कुटुंबे इथे येऊन वसली. आज मोहल्ल्या-मोहल्ल्यांत यंत्रमागाचा खडखडाट आहे. माझ्या आईने घरी कांड्या भरल्या, लहानपणी मीही भरल्या. शाळेत जाताना केसांतला कापूस झटकून जायचे, बाईंना दिसू नये म्हणून. हात लपवायला मी शाळेतच शिकले.

काही वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गात गुणाकाराचे शाब्दिक उदाहरण मी पुस्तकाबाहेरचे घातले. कापडाचा पन्ना ४८ इंच आहे, एका इंचात ताण्याच्या ६० तारा आहेत, तर एकूण तारा किती? हुशार मुलींनी लगेच २८८० उत्तर दिले. मागच्या बाकावर एक मुलगा बसायचा. गणितात कायम नापास, सकाळी पेंगणारा. तो उभा राहिला आणि म्हणाला, "टीचर, इसमें किनारी कहाँ है?"

मला आधी कळलेच नाही. मग त्याने समजावून सांगितले. कापडाच्या दोन्ही काठांना तारा जास्त दाट घालाव्या लागतात, नाहीतर काठ फाटतो. २८८० तारांचा ताणा लावला तर माल परत येईल. पुस्तकाच्या हिशेबाने मुली बरोबर होत्या. मागाच्या हिशेबाने तो एकटा बरोबर होता. त्याच्या वडिलांच्या मागावर चूक झाली की कापड सांगते, मास्तरांना विचारावे लागत नाही. केर्शेनस्टाइनर यांचे घरटे मला त्या दिवशी समजले.

त्यानंतर आठवडाभर आम्ही तेच केले. मुलांनी घरून सुताचे तुकडे आणले, वजने केली, मीटरला सूत किती लागते याचा हिशेब मांडला. आजोबांना विचारून आपले घराणे कुठून आले ते लिहून आणले. कुणी आझमगढ लिहिले, कुणी मऊ, कुणी बनारस. नकाशात ती गावे शोधली. तो पेंगणारा मुलगा पेंगेनासा झाला असे मी म्हणणार नाही, कारण तो रात्री उशिरापर्यंत मागावर वडिलांना हात लावत असे. इथेच झाकीरसाहेबांचा मुकादमाचा इशारा मला आठवतो. मुलाच्या हातातले हुनर वर्गात आणणे एक, आणि मुलाला मागावर जुंपणे दुसरे. या दोहोंतला फरक शिक्षकाने एक क्षणही विसरता कामा नये. मी त्याच्या वडिलांना दोनदा भेटले. त्यांनी ऐकून घेतले. घरचा हिशेब त्यांनी मला सांगितला, त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

त्या आठवड्यानंतर वरून विचारणा झाली की गणिताचे दोन घटक मागे का राहिले. प्रश्न रास्त होता. परीक्षा पुस्तकावर होणार होती, किनारीवर नव्हे.

आज कृतीतून शिक्षणाचा गवगवा पुन्हा आहे. २०१५ पासून आपल्या राज्यात ज्ञानरचनावादाची लाट आली, वर्गाच्या फरश्या रंगल्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितले, स्थानिक कारागिरांकडे मुलांनी जावे असे म्हटले. चांगलेच आहे. पण 'प्रोजेक्ट' म्हणजे काय झाले आहे ते सगळ्या पालकांना माहीत आहे. स्टेशनरीच्या दुकानात तयार तक्ते मिळतात, थर्माकोलचे ताजमहाल मिळतात, सायबर कॅफेवाला दहा पाने छापून देतो. मूल त्यावर फक्त नाव लिहिते. टकळ्या वाटून गोळा करण्याचाच हा नवा अवतार आहे. १९३७ च्या समितीने विचारलेला प्रश्न आपण गाळतो: या कामात मुलाला स्वतःची चूक दिसणार आहे का? दिसणार नसेल तर थर्माकोल आणि टकळी सारखीच.

सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवून दिले की मुस्लिमांचे मोठे प्रमाण स्वयंरोजगारात, घरबसल्या चालणाऱ्या छोट्या उद्योगांत आहे. आपण हे आकडे मागासलेपणाचा पुरावा म्हणून वाचले. शिक्षक म्हणून मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. भिवंडीचा माग, मालेगावचा माग, औरंगाबादचे हिमरू, रस्त्यावरचे गॅरेज, बेकरी, झरीकाम. आपल्या मुलांच्या घरात जेवढी प्रयोगशाळा आहे तेवढी कुठल्या महागड्या शाळेत नाही. फक्त तिच्याकडे जाणारा दरवाजा शाळेने आतून बंद करून घेतला आहे.

म्हणून तीन साध्या गोष्टी सुचवते. उर्दू डी.एल.एड. आणि बी.एड.च्या विद्यार्थ्यांना झाकीर हुसेन समितीचा मूळ अहवाल वाचायला द्यावा, टीप नव्हे. मुधोलींचे पुस्तक मराठीत यावे. आणि आपल्यापैकी जे शिकवतात त्यांनी वर्षातून निदान एक घटक असा घ्यावा की ज्याचे उत्तर मोहल्ल्यातल्या एखाद्या कारागिराकडून तपासून आणावे लागेल. सेवाग्रामला 'आनंद निकेतन' शाळा २००५ पासून पुन्हा सुरू आहे. तिथे बागेतून, स्वयंपाकघरातून, सुतातून मुले शिकतात. म्हणजे हे अशक्य नाही.

तो मुलगा दहावीनंतर शाळेत राहिला नाही. मागच्या रमजानमध्ये बाजारात भेटला. सलाम केला आणि हसून म्हणाला, "टीचर, अभी भी किनारी भूलते क्या?" मी म्हटले, नाही रे बाबा, आता त्या उदाहरणात किनारीच्या तारा वेगळ्या देते. किती द्यायच्या हे मात्र दरवर्षी वर्गातल्याच कुणाच्या तरी अब्बांना विचारून घेते.